पडत्या उपग्रहांची साक्ष

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पृथ्वीभोवती दोन ठळक वस्तू फिरायला सोडल्या. पहिली सगळ्या जगाला माहीत आहे: ५८ सेंटीमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा स्पुतनिकचा चकचकीत गोळा. दुसरी म्हणजे त्याला वर नेऊन सोडणाऱ्या रॉकेटचा रिकामा सांगाडा, कित्येक टनांचा. त्या दिवसांत ‘आम्ही स्पुतनिक पाहिला’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी खरे तर हा सांगाडाच पाहिला होता, कारण गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मंद होता. दोघांची कक्षा जवळजवळ एकच होती, सर्वांत खालचा बिंदू जमिनीपासून सुमारे २१५ किलोमीटरवर आणि सर्वांत वरचा ९४० किलोमीटरच्या आसपास. तरीही सांगाडा १ डिसेंबरला खाली येऊन जळाला आणि गोळा ४ जानेवारी १९५८ पर्यंत टिकला. एकाच वाटेने निघालेल्या दोन वाटसरूंपैकी एक महिनाभर आधी थकला, तर वाटेत काहीतरी अडवणारे होते आणि त्याने दोघांना सारखे अडवले नाही, एवढे उघड आहे. सांगाड्याचा पसारा त्याच्या वजनाच्या मानाने मोठा होता, म्हणून हवेने त्याला जास्त रोखले. स्पुतनिकवर बाहेरच्या हवेची घनता मोजणारे एकही उपकरण नव्हते. ती मोजणी त्याच्या पडण्यानेच केली. उपग्रह पडला की तो वाया गेला, हवेच्या रोधाने त्याचा घात केला, असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पण या रोधाचा १९५७ पासूनचा इतिहास पाहिला, तर वरच्या हवेविषयीच्या आपल्या ज्ञानाचा पाया या पडण्यांनीच घातला असे दिसते. त्या पडण्यांची रोजकीर्द चिकाटीने लिहिणाऱ्यांचा व्यवसाय हा अवकाशयुगातला सर्वांत कमी बोलबाला झालेला आणि सर्वांत फलदायी व्यवसाय होता, असे माझे मत आहे.

१९५७ पूर्वी या उंचीवरच्या हवेविषयी काहीच माहिती नव्हती असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जर्मनीकडून मिळवलेली व्ही-२ रॉकेटे १९४६ पासून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथून उडवली जात होती आणि त्यांच्या मोजणीवरून वातावरणाचे कोष्टक तयार झाले होते. पण रॉकेट काही मिनिटे वर असते, एका जागी, एका दिवशी. शे-दीडशे किलोमीटरच्या वरचे आकडे बरेचसे अंदाजाने पुढे ओढलेले होते. पहिल्या उपग्रहांच्या पडण्यावरून घनता काढली गेली, तेव्हा ती त्या कोष्टकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाली. इथे ‘जास्त’ या शब्दाने फसू नये. २०० किलोमीटरवरची हवा समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा साधारण ५०० कोटी पट विरळ असते, आणि ४०० किलोमीटरवर तिच्याहूनही शंभरेक पट विरळ. प्रयोगशाळेत आपण जिला निर्वात पोकळी म्हणून समाधान मानतो, तिच्याशी तुलना करावी अशी ही हवा. पण उपग्रह तिच्यातून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जातो, आणि रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय तो दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या घालतो. जी चिमूट एका फेरीत जाणवणारही नाही, ती हजार फेऱ्यांत साठत जाते.

या साठण्याचे गणित मोठे मजेचे आहे. हवेने अडवले म्हणजे उपग्रहाचा वेग कमी व्हावा, असे कोणालाही वाटेल. होते उलटे. ऊर्जा गमावल्याने तो खालच्या कक्षेत उतरतो, आणि खालच्या कक्षेत फिरण्याचा वेग जास्त असतो. उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यातली अर्धी हवा तापवण्यात जाते आणि अर्धी त्याच्या वेगात जमा होते. म्हणजे ब्रेक लावल्यावर गाडी आणखी जोरात पळावी, तसा हा प्रकार. त्यामुळे रोधाची पहिली खूण म्हणजे उपग्रह वेळेच्या आधी हजर होणे. समजा, ९६ मिनिटांचा फेरा रोज फक्त दोन सेकंदांनी घटतो आहे. दहा दिवसांत जेमतेम दीडशे फेऱ्या होतात, पण प्रत्येक फेरीतली बचत पुढच्या प्रत्येक फेरीत पुन्हा मोजली जात असल्यामुळे दहाव्या दिवशी उपग्रह जुन्या वेळापत्रकाच्या तब्बल पंचवीस मिनिटे आधी डोक्यावर येतो. पंचवीस मिनिटे मोजायला स्टॉपवॉचसुद्धा लागत नाही, भिंतीवरचे घड्याळ पुरते. ज्या हवेला कोणतेही यंत्र सहज पकडू शकत नव्हते, ती साध्या घड्याळाने पकडली गेली, याचे कारण हे चक्रवाढ व्याज.

ही युक्तीही अगदी नवी नव्हती. १८१९ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के यांनी ज्या धूमकेतूची कक्षा काढली आणि ज्याला त्यांचे नाव मिळाले, तो धूमकेतू साधारण सव्वातीन वर्षांनी परत येताना दर खेपेला सुमारे अडीच तास आधी येत होता. एन्के यांनी निष्कर्ष काढला की सूर्याभोवतीच्या पोकळीत एखादे विरळ माध्यम आहे आणि ते धूमकेतूला अडवते. तर्क बिनचूक, निष्कर्ष चुकीचा. शंभरावर वर्षांनी, १९५० मध्ये, फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा आहे आणि सूर्याच्या उष्णतेने त्यातून उसळणाऱ्या वायूच्या झोतांमुळे त्याची कक्षा बदलते, असा सिद्धान्त मांडला. आकाशातल्या त्या काल्पनिक माध्यमाची गरजच उरली नाही. आणि हेच व्हिपल पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेचे संचालक म्हणून उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या जगभरच्या जाळ्याचे प्रमुख झाले. लवकर येणाऱ्या वस्तूवरून माध्यमाचा अंदाज बांधणे किती निसरडे असते, हे त्यांच्याहून चांगले कोणाला कळणार? एन्केची चूक या व्यवसायाच्या उंबरठ्यावरच सूचनाफलकासारखी लटकलेली होती, हे पुढे आक्षेपांचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागेल.

व्हिपल यांच्या जाळ्याचे दोन पदर होते. एक हौशी लोकांचा. ‘मूनवॉच’ या नावाने १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९७५ पर्यंत चाललेल्या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त माणसे पहाटे आणि तिन्हीसांजेला छोट्या दुर्बिणी लावून ओळीने बसत आणि उपग्रह मध्यान्हरेषा ओलांडताना वेळ टिपत. पहाट आणि सांज यासाठी की तेव्हा जमिनीवर अंधार असतो आणि वरच्या उपग्रहावर अजून ऊन असते. दुसरा पदर बेकर-नन कॅमेऱ्यांचा. खास उपग्रहांसाठी बनवलेले हे अवजड कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसवले गेले: फ्लोरिडा, हवाई, पेरू, दक्षिण आफ्रिका, इराणमधले शिराझ, ऑस्ट्रेलियातले वूमेरा वगैरे. त्यांतला एक आपल्याकडे नैनितालला होता. उत्तर प्रदेश सरकारची ती वेधशाळा तेव्हा अवघी चार-पाच वर्षांची होती. भारताचा स्वतःचा पहिला उपग्रह कक्षेत जाण्याच्या सोळा-सतरा वर्षे आधीपासून हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर परक्यांच्या उपग्रहांचे फोटो फिल्मवर घेतले जात होते, त्यांची जागा तारकांच्या संदर्भात विकलांपर्यंत मोजली जात होती आणि ते आकडे अमेरिकेतल्या केंब्रिजला जात होते. भारतीय अवकाश संशोधनाची कथा थुंब्याच्या चर्चपासून सुरू करण्याचा आपला रिवाज आहे. नैनितालच्या या फिल्मा त्या कथेत सहसा येत नाहीत.

इंग्लंडमध्ये हे काम फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी हाती घेतले आणि १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडले नाही. हा मनुष्य एकीकडे कवी शेली आणि चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांच्यावर पुस्तके लिहीत होता आणि दुसरीकडे वातावरणातल्या उपग्रह-कक्षांचा सिद्धान्त रचत होता. १९६४ मध्ये त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक आले. लंबवर्तुळाकार कक्षेत रोध जवळजवळ सगळा सर्वांत खालच्या बिंदूपाशी लागतो, आणि त्याचा परिणाम मात्र पलीकडच्या, सर्वांत वरच्या बिंदूवर दिसतो: तो खाली खाली येतो, तर खालचा बिंदू जवळपास तिथेच राहतो. कक्षा आधी गोल होते आणि मग कोसळते. त्यामुळे फेऱ्याची वेळ किती झपाट्याने घटते एवढे कळले, की त्या खालच्या बिंदूच्या उंचीवरची घनता सांगता येते. महाराष्ट्राने याचा पडताळा २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी घेतला. आकाशातून पेटते पट्टे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी आणि गोळे पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. असे टप्पे भूस्थिर उपग्रहांना वर नेतात. त्यांच्या कक्षेचे एक टोक पस्तीसेक हजार किलोमीटरवर आणि दुसरे दोनशेच्या आसपास असते. वरच्या टोकाला हवेचा मागमूस नसतो, पण खालच्या टोकाला हवा दर फेरीत थोडे थोडे कातरत राहते, आणि वर्षभराने तो टप्पा कोणाच्या तरी शेतात येऊन पडतो.

किंग-हेलींच्या हाती लागलेली आणखी एक गोष्ट अशी की हवा उपग्रहाला समोरून अडवते तशी बाजूनेही ढकलते, कारण ती स्वतः पृथ्वीबरोबर फिरते आहे. त्यामुळे विषुववृत्ताशी असलेला कक्षेचा कल अंशाच्या शतांशाने, दशांशाने बदलतो. हा बदल वर्षानुवर्षे मोजून त्यांनी दाखवले की दोन-तीनशे किलोमीटरवरची हवा सरासरीने पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते, म्हणजे तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत वारा आहे. जिथे ना पान हलते ना धूळ उडते, तिथला वारा केवळ कक्षेच्या तिरकेपणावरून काढणे ही माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी करामत आहे.

पण सर्वांत मोठा शोध लागला तो रोध ‘नीट’ वागत नव्हता म्हणून. लुइजी याक्किया हे मूळचे त्रिएस्तचे. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे इटली सोडून ते अमेरिकेला आले आणि तारकांच्या कमीजास्त होणाऱ्या तेजाचा अभ्यास करत राहिले. व्हिपल यांच्या संस्थेत उपग्रहांचे आकडे त्यांच्या टेबलावर आले, तेव्हा इतरांना ज्या चुका वाटल्या असत्या त्यांत त्यांना लय दिसली. चंचल तारे पाहून पाहून डोळ्याला ती सवय लागलेली होती. स्पुतनिक-२ आणि अमेरिकेचा व्हॅन्गार्ड-१ यांच्या घसरणीचा वेग साधारण २७ दिवसांनी वाढत-घटत होता. पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती तेवढ्याच दिवसांत फिरतो. सूर्याकडून येणाऱ्या सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरींची रोजची नोंद या चढउताराशी तंतोतंत जुळली. जर्मनीत वोल्फगांग प्रीस्टर यांनाही त्याच सुमारास तेच आढळले. सूर्याचे तीव्र अतिनील किरण वरची हवा शोषून घेते, तापते आणि फुगते. दूध तापले की पातेल्यात वर चढते, तशी खालची दाट हवा वर येते, आणि ठरावीक उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाला अचानक जास्त हवा भेटते. याक्कियांनी पुढे दाखवले की दुपारी दोन-अडीचच्या सुमारास या हवेला रोज फुगवटा येतो, रात्री तो ओसरतो, आणि भूचुंबकीय वादळ झाले की काही तासांत घनता उसळते. ४०० किलोमीटरवर शांत सूर्य आणि खवळलेला सूर्य यांच्यात घनतेचा फरक दहा पटींच्या घरात जाऊ शकतो. गंमत अशी, की पहिले स्पुतनिक उडाले तेव्हा सूर्याचे अकरा वर्षांचे चक्र नोंदीतल्या सर्वांत उंच शिखरावर होते. म्हणजे मानवाने वरची हवा पहिल्यांदा मोजली, तीच नेमकी सर्वांत फुगलेली.

आता साक्षीदाराची उलटतपासणी करायला हवी. पहिला प्रश्न एन्केचाच: लवकर येणाऱ्या उपग्रहाला हवेनेच ओढले, कशावरून? शंका रास्त होती आणि ती खरीही ठरली. व्हॅन्गार्ड-१ हा १७ मार्च १९५८ ला उडालेला, दीड किलोचाही नसलेला चिमुकला गोळा. तो दोन हजार वर्षे टिकेल असा अंदाज होता. त्याच्या कक्षेत जे बदल दिसले ते एकट्या हवेने समजेनात. सूर्यप्रकाशाचा दाबही त्याला ढकलत होता. दोन्ही जमेस धरल्यावर आयुष्य अडीचशे वर्षांच्या आत आले. १९६० मध्ये सोडलेला एको-१ हा साडेतीस मीटर व्यासाचा फुगा, सगळा पसारा आणि वजन नाममात्र. प्रकाशाच्या दाबाने त्याच्या कक्षेचा खालचा बिंदू शेकडो किलोमीटर सरकवला. पण एन्के आणि याक्किया यांच्यात फरक आहे. एन्केकडे एकच धूमकेतू होता. इथे वेगवेगळ्या उंचीचे, आकारांचे, कलांचे साक्षीदार डझनांनी होते. प्रकाशाचा दाब सावलीत गेल्यावर थांबतो, हवेचा रोध थांबत नाही. प्रकाश सर्वत्र सारखाच ढकलतो, हवा मात्र खालच्या बिंदूपाशीच धरते. दोन गुन्हेगारांच्या पावलांचे ठसे वेगळे होते, म्हणून ते वेगळे काढता आले. १९६१ पासून नासाने पावणेचार मीटरचे साधे फुगे केवळ घनता मोजण्यासाठी पडू दिले, तेही याच खात्रीसाठी, कारण गोळ्याचा समोरून दिसणारा पसारा कसाही फिरला तरी तोच राहतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. हवेचा रेणू उपग्रहाच्या पत्र्यावर आपटून कसा उसळतो, यावर रोधाचा गुणांक ठरतो आणि तो नेमका मोजणे कठीण असते. बरीच वर्षे सगळेजण २.२ हा आकडा धरून चालत. तो आकडा थोडा हलला तर त्यावर उभ्या असलेल्या साऱ्या घनता त्याच प्रमाणात हलतात. हे मान्यच करावे लागते. मात्र असा दोष सगळ्या आकड्यांना एकाच दिशेने सरकवतो. २७ दिवसांची लय, दुपारचा फुगवटा, वादळातली उसळी यांना तो हात लावू शकत नाही. तराजूच्या काट्यात खोट असली, तरी कालच्यापेक्षा आज माल जास्त आहे हे तो खरेच सांगतो. आणि ज्यांना वाटते की आधुनिक उपकरणांनी ही जुनी रीत मोडीत काढली, त्यांनी एवढे पाहावे की २००० मध्ये उडालेल्या चॅम्प आणि त्यानंतरच्या ग्रेस या उपग्रहांवरचे नाजूक त्वरणमापक घनता मोजत होते ते रोधावरूनच, आणि गुणांकाची तीच अडचण घेऊन. साक्षीदार तोच होता. ऐकणाऱ्याचे कान तेवढे तीक्ष्ण झाले. युरोपच्या गोस उपग्रहाने तर कमाल केली. सुमारे २५५ किलोमीटरवर, हवेला तोंड देत, तो आपल्या आयन इंजिनाने क्षणोक्षणी रोधाची भरपाई करत राहिला. इंजिनाने किती जोर लावला याची नोंद म्हणजेच हवेची नोंद. ऑक्टोबर २०१३ मध्ये इंधन संपले आणि तीन आठवड्यांत तो पडला.

मग इतके ठाऊक असताना स्कायलॅब का पडली? या साऱ्या कहाणीला घेतलेला हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप, आणि त्याचे उत्तर शास्त्रापेक्षा माणसांच्या स्वभावात जास्त सापडते. १४ मे १९७३ रोजी सुमारे ४३५ किलोमीटरवर सोडलेली ही ७७ टनांची प्रयोगशाळा शेवटच्या अंतराळवीरांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये सोडली, तेव्हा ती १९८० नंतरही काही वर्षे टिकेल असा हिशेब होता. तोवर स्पेस शटल तयार होऊन तिला वर ढकलेल, अशी योजना होती. हिशेबाचा पाया होता पुढचे सौरचक्र मवाळ असेल हे गृहीतक. अमेरिकेतल्याच दुसऱ्या संस्थेचे सूर्याभ्यासक ते तसे नसेल म्हणून सांगत होते. १९७८ पर्यंत सूर्य खवळला, हवा फुगली, घसरण वाढली. शटल मात्र एप्रिल १९८१ पर्यंत उडालेच नाही. १९७८ च्याच जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस-९५४ कॅनडात पडला होता, त्यामुळे लोकांच्या पोटात आधीच गोळा आलेला. स्कायलॅबची कक्षा उत्तर आणि दक्षिणेला ५० अंशांपर्यंत जात होती. म्हणजे सगळा भारत आणि जगातली बहुसंख्य वस्ती तिच्या वाटेखाली. १९७९ च्या जुलैत आपल्याकडेही ती कुठे पडते याची धास्ती होती. ११ जुलैला ती अपेक्षेपेक्षा उशिरा फुटली आणि तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्स परिसरात विखुरले. तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरांचा दंड ठोठावला. ही थट्टा होती, पण झोंबणारी. पडण्याच्या आधीच्या तासांतही नियंत्रकांनी स्कायलॅबचे तोंड वळवून रोध कमीजास्त केला आणि ती उत्तर अमेरिकेपलीकडे ढकलली. वर ढकलता न येणाऱ्या यानाला सुकाणू म्हणून हवाच वापरता आली. म्हणजे रोधाचे शास्त्र कमी पडले नव्हते. सूर्याच्या स्वभावाचा सोयीस्कर अंदाज निवडला गेला होता. तरीही शास्त्राची एक मर्यादा इथे लख्ख दिसते. पडण्याच्या वेळेचा अंदाज उरलेल्या आयुष्याच्या साधारण दहा टक्क्यांनी चुकतो, मग आयुष्य दहा वर्षांचे असो वा दहा तासांचे. दहा तासांवर एक तास म्हणजे पृथ्वीची अर्ध्याहून जास्त प्रदक्षिणा. त्यामुळे ‘कुठे’ हे शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही.

पुढची उदाहरणे झटपट. १९८९ च्या सौरशिखरावर मार्चमध्ये मोठे भूचुंबकीय वादळ झाले, आणि ज्यांच्या कक्षांची नोंद ठेवली जात होती त्या हजाराहून अधिक वस्तू काही दिवस अपेक्षित जागी सापडेनात. त्याच डिसेंबरात, सूर्याचाच अभ्यास करायला पाठवलेला सोलर मॅक्स उपग्रह सूर्यानेच फुगवलेल्या हवेत पडला. यानंतर कोणी चकू नये, पण ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी आलेल्या एका मध्यम वादळाने त्यांतले ३८ परत खाली आणले. रोध आधीच्या उड्डाणांपेक्षा निम्म्याने वाढला होता. उपग्रह कागदासारखे आडवे धरूनही उपयोग झाला नाही. पण ही निव्वळ बेपर्वाई नव्हती. इतके खाली सोडण्यामागे हेतू असा की बिघडलेले उपग्रह कचरा होऊन न राहता लवकर जळून जावेत. जी हवा झाडूवाली म्हणून बोलावली, तिनेच त्या दिवशी घरातले सामानही झाडून नेले, एवढेच.

झाडूवालीचे हे काम आता तिच्या साक्षीहून महत्त्वाचे ठरते आहे. जानेवारी २००७ मध्ये चीनने सुमारे ८६५ किलोमीटरवर आपलाच हवामान-उपग्रह फोडला. तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आणि त्यांतले बरेच अजून वर आहेत. भारताने २७ मार्च २०१९ ला केलेल्या चाचणीत लक्ष्य ३०० किलोमीटरच्याही खाली होते. काही तुकडे उडून खूप उंच गेले, पण त्यांच्या कक्षेचे खालचे टोक दाट हवेतच राहिले आणि बहुतेक काही महिन्यांत पडले. सूर्य तेव्हा शांत होता, म्हणून थोड्यांना जास्त वेळ लागला. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट एप्रिल १९७५ मध्ये ६०० किलोमीटरच्या आसपास गेला. त्याची वीजयंत्रणा काही दिवसांतच बिघडली, पण तो दोन सौरशिखरे सोसून फेब्रुवारी १९९२ मध्ये पडला. जुलै १९८० मध्ये खालचे टोक तीनशे किलोमीटरवर असलेला रोहिणी मात्र ऐन सौरशिखरात सापडला आणि दहा महिन्यांत संपला. हवेवर भरवसा कुठवर ठेवावा, याचा धडा मेघा-ट्रॉपिक्सने दिला. ८६७ किलोमीटरवरून आपोआप उतरायला त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली असती, म्हणून इस्रोने उरलेले इंधन खर्चून ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरावर उतरवले. कार्टोसॅट-२ ला आधी खाली ३८० किलोमीटरपर्यंत आणले आणि पुढचे काम हवेवर सोपवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने ते पुरे केले.

आणि त्या जुन्या रोजकीर्दीने, सगळे तिला विसरल्यावर, आणखी एक गोष्ट उघड केली. १९८९ मध्ये रेमंड रोबल आणि रॉबर्ट डिकिन्सन यांनी गणिताने दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढला, तर खालची हवा तापेल पण वरची विरळ हवा थंड होईल, कारण तिथे हा वायू उष्णता अडवून धरत नाही, अवकाशात फेकून देतो. थंड झालेली हवा आकसेल. हे तपासायला दशकानुदशकांची मोजणी हवी, आणि इतकी जुनी मोजणी एकाच ठिकाणी होती: पडत आलेल्या उपग्रहांच्या आणि सांगाड्यांच्या कक्षांच्या नोंदीत. सूर्याचे चढउतार वजा करून त्या पुन्हा वाचल्या, तेव्हा ४०० किलोमीटरवरची घनता दर दशकाला साधारण दोन-तीन टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. ज्यांनी त्या पहाटे दुर्बिणीशी बसून वेळा टिपल्या, त्यांच्या ध्यानीमनी हे नव्हते. याचा एक अर्थ झाडूवालीचा हात हलका होत चालला आहे. कचरा आता जास्त काळ वर राहणार. या नोंदवहीतले एक पान आजही लिहिले जात आहे. व्हॅन्गार्ड-१ १९६४ मध्ये मुका झाला. मानवनिर्मित वस्तूंपैकी कक्षेत असलेली ती सर्वांत जुनी वस्तू. त्याचा फेरा अजूनही किंचित किंचित लहान होतो आहे, आणि कोणीतरी तो मोजत आहे.